गाय गाभडली, ताप माणसाला

गाभण गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते. घरातले कोणीतरी बाह्या सारून उघड्या हाताने वार काढते आणि मेलेले वासरू उकिरड्यावर जाते. काही आठवड्यांनी त्याच माणसाला ताप येऊ लागतो. तोवर गोठ्यातली घटना मागे पडलेली असते आणि निदान लांबते. हा ताप ब्रुसेलोसिसचा असू शकतो.

रोगाचे मूळ

ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे हा रोग होतो. १८८७ मध्ये माल्टा बेटावर लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना तो सापडला. तिथल्या सैनिकांना हा ताप शेळीच्या कच्च्या दुधातून येतो, हे १९०५ नंतर स्पष्ट झाले. गाई-म्हशींत प्रामुख्याने ब्रुसेला अबॉर्टस, तर शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस आढळतो. माणसाला मेलिटेन्सिसचा त्रास सहसा अधिक होतो.

लागण कशी होते?

गाभडलेल्या जनावराची वार, गर्भजल आणि स्राव यांत जिवाणू प्रचंड संख्येने असतात. हाताच्या बारीक जखमेतून, डोळ्यांतून किंवा श्वासावाटे ते शरीरात शिरतात. दुसरी वाट कच्च्या दुधाची. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून मुलांना दिले जाते. बाधित जनावराचे असेल तर त्यातूनच रोग येतो. दूध नीट उकळले की जिवाणू मरतात.

लक्षणे आणि उपचार

चढउतार करणारा ताप, रात्री दरदरून घाम, सांधेदुखी, कंबरदुखी आणि न हटणारा थकवा ही मुख्य लक्षणे. पुरुषांत वृषणाला सूजही येते. टायफॉइड, मलेरिया किंवा क्षयाशी गल्लत सहज होते. म्हणून डॉक्टरांना आवर्जून सांगा: घरी जनावरे आहेत, अमुक दिवशी गाय गाभडली, वार मी काढली. एवढ्या माहितीवरून योग्य रक्ततपासणी सुचू शकते. उपचारात सहसा दोन प्रतिजैविके एकत्र देतात आणि ते साधारण सहा आठवडे चालतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्यास रोग उलटतो.

गोठ्यातली काळजी

- अडकलेली वार स्वतः काढू नका, पशुवैद्यकाला बोलवा. हातमोजे आणि मास्क हवाच.
- वार व मेलेले वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका.
- गाभडलेले जनावर वेगळे बांधा, त्याच्या रक्ताची तपासणी करून घ्या आणि जागा जंतुनाशकाने धुवा.
- गरोदर स्त्रियांना या कामापासून दूर ठेवा.

लस

चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच ब्रुसेलोसिसची लस देतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. माणसांसाठी लस उपलब्ध नाही. त्यामुळे कालवडीला वेळेवर टोचून घेतलेली लस घरातल्या माणसांचेही रक्षण करते. वय उलटून जाण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.