घोडा का अडला?

'भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला?' हे कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले आहे. तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच : 'न फिरवल्यामुळे.' उत्तर चतुराईचे आहे आणि खोटेही नाही. दिवसेंदिवस दावणीला बांधून ठेवलेला घोडा अडेल होतो, हे कोणीही घोडेवाला सांगेल. परंतु अडणारे पुष्कळसे घोडे चांगले फिरवलेले असतात. ते अडतात, कारण त्यांना फिरवणाऱ्याने घाई केलेली असते. आज मी त्या घाईविषयी आणि तिच्यावरच्या उपायाविषयी बोलणार आहे.

मी चौथीत असताना माझ्या काकांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून एक घोडी आणली. सारंगखेडे हे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातले तापीकाठचे गाव. दत्तजयंतीला तेथे यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. घोडी तीन वर्षांची, कुमाईत रंगाची, डोळ्यांनी मोठी गरीब. पाठीवर अजून कोणी बसलेले नव्हते. गावात एक गडी स्वतःला घोड्यातला जाणता म्हणवीत असे. "काका, एका दिवसात सरळ करून देतो," असे म्हणून त्याने तिच्या तोंडात काटेरी लगाम घातला, खोगीर आवळले आणि नांगरलेल्या रानात ती फेसाने पांढरी होईपर्यंत पळवली. संध्याकाळी घोडी मान खाली घालून उभी राहिली. सगळे म्हणाले, "झाली शहाणी!"

महिन्याभरात काय झाले? लगामाची कडी नुसती वाजली, तरी घोडी मागचे पाय झाडू लागली. एकदा तिने काकांना कुडावर आपटले. शेवटी काका तिला मिळेल त्या भावाने विकायला निघाले. अशा घोडीचे पुढे काय होते, ते सांगायला नको. एका हातातून दुसऱ्या हातात आणि दर हाताला जास्त मार. तेवढ्यात शेजारच्या गावचे एक म्हातारे मोतद्दार घरी आले. आम्ही त्यांना बाबा म्हणत असू. ते म्हणाले, "विकायची घाई करू नका. चार महिने मला द्या."

त्या चार महिन्यांत मी जे पाहिले, त्याचा अर्थ मला पुढे पुस्तके वाचल्यावर कळला.

पहिली गोष्ट अशी की, घोडा हे भक्ष्य होणारे जनावर आहे. हजारो वर्षे वाघ-लांडग्यांपासून पळून तो जगला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. मात्र अगदी कपाळासमोरचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप गेलात तर तो लाथ मारणारच. यात त्याचा दुष्टपणा नसतो. जावे ते खांद्याच्या बाजूने, तोंडाने काही बोलत. आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. घोडा बुजून पळाला तर हात सुटत नाही.

बाबांनी पहिले पंधरा दिवस खोगिराला हातही लावला नाही. ते सकाळी येत, खरारा करीत, तोबरा बांधीत, आणि घोडी खात असताना बाजूला बसून राहत. मग त्यांनी लगाम काढून टाकला व साधी मोरखी चढवली. दोरी हळूच ताणायची आणि थांबायचे. झटका द्यायचा नाही. घोडी आधी मान वर करी, मागे रेटी. बाबा ताण तेवढाच ठेवीत. आणि तिने एक पाऊल, अर्धे पाऊलसुद्धा पुढे टाकले की त्याच क्षणी दोरी सैल! मी विचारले, "बाबा, लगेच का सोडता?" ते म्हणाले, "पोरा, दोरी ओढायला कोणीही ओढतो. ती सैल झाली की घोडी म्हणते, हेच हवं होतं याला."

प्राण्यांच्या शिकण्याचा अभ्यास करणारे आज हेच सांगतात. घोड्याला ताण नकोसा असतो. जे केल्याने ताण जातो, ते तो पुन्हा करतो. त्याने बरोबर पाऊल टाकल्यावरही दोरी ताणलेलीच राहिली, तर त्याला आपण बरोबर केले हे कळायचे कसे? आणि तो लाथा झाडू लागला म्हणून घाबरून दोरी सोडली, तर आपण त्याला लाथा झाडायलाच शिकवले! पुष्कळ घोडे असेच बिघडतात.

त्यानंतर आला कावा. गनिमी काव्यातला कावा आपल्याला ठाऊक आहे. पण घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवणे, यालाही जुन्या लोकांचा शब्द कावाच. बाबा मध्ये उभे राहत, घोडी भोवती फिरे. आधी चालत, मग दुडक्या चालीने. दोन्ही अंगांनी सारखे फेर, आणि घोडी कंटाळण्याच्या आत काम बंद. डाव्या अंगाने शिकलेले उजव्या अंगाने घोड्याला आपोआप येत नाही, तेही वेगळे शिकवावे लागते.

खोगिराची पाळी आली दुसऱ्या महिन्यात. आधी पाठीवर नुसते पोते. ते हुंगू द्यायचे, ठेवायचे, काढायचे. मग खोगीर, तंग एकदम न आवळता एकेक भोक. मग बाबा तिच्या पाठीवर पोटावर आडवे पडत आणि उतरत. पाय टाकून ते बसले तेव्हा घोडीने फक्त कान मागे वळवले. पहिल्या दिवशी दहा पावले. ही सावकाशी शरीरासाठीही लागते. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. तीन वर्षांच्या जनावरावर हलका माणूस थोडा वेळ बसला तर चालेल, पण भरधाव पळवणे म्हणजे ओली भिंत चढून तिच्यावर नाचणे होय.

हे ज्ञान काही आजचे नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमधील झेनोफन या सेनानीने घोड्यावर पुस्तक लिहिले. घोड्याशी रागाच्या भरात वागू नये, असे तो बजावतो. एखाद्या वस्तूला घोडा बुजला तर मारू नये, असेही सांगतो. कारण मारले की घोड्याला वाटते, वेदना त्या वस्तूमुळेच होते आहे, आणि भीती दुप्पट होते. आपल्याकडे तर कायदाही आहे. काटेरी लगाम वापरण्यास 1965च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. तरीही तो कुठे कुठे दिसतो. दिसला तर मालकाला चार शब्द सांगावेत.

शिक्षक मित्रांसाठी आणखी एक हकिगत. बर्लिनमध्ये फोन ऑस्टेन नावाच्या निवृत्त गणित-शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारली की तो खूर आपटून उत्तर देई. 1904 मध्ये विद्वानांची समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही. पुढे प्फुंग्स्ट या अभ्यासकाने 1907 मध्ये उलगडा प्रसिद्ध केला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले, किंवा तो हान्सला दिसत नसला, तर हान्स चुके. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले. तेवढे पाहून घोडा थांबे. घोड्याला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता. आपला राग, आपली घाई त्याच्यापासून लपत नाही. वर्गातल्या मुलांपासून तरी ती कुठे लपते?

घोडी काकांकडे पुढे चौदा वर्षे राहिली. मी तिच्यावर बसूनच मांड शिकलो. पण तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात काटेरी लगामाचा व्रण होता, आणि त्या अंगाला वळताना ती अखेरपर्यंत थोडी बिचकत असे. एका दिवसाची घाई चार महिन्यांच्या धीरालाही पुरती पुसता आली नाही. तेव्हा शिंगरू आणाल, त्याला शिकवायला घ्याल, त्या दिवशी हे ध्यानात असू द्या. घोडा अडलाच, तर चाबूक उचलण्याआधी स्वतःला विचारा : त्याने बरोबर पाऊल टाकले होते, तेव्हा मी दोरी सैल केली होती का?