परसबागेसाठी टिलर घेताना एचपीआधी गुंठे मोजा

कोल्हापूर जिल्ह्यात पॉवर टिलर म्हटले की उसाची भरणी करणारे १२-१३ एचपीचे डिझेल यंत्र डोळ्यांसमोर येते. शेतात ते उत्तम काम करते. मात्र घरामागच्या मेथी-पोकळ्याच्या वाफ्यांत त्याचा उपयोग नाही. त्याचे वजन ४०० किलोच्या आसपास असते, वळायला मोकळी जागा लागते, आणि परसात एका बाजूला शेवगा, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याची चर आणि तिसऱ्या बाजूला कुंपण असते. म्हणून परसबागेसाठी यंत्र निवडताना पहिला प्रश्न एचपीचा नसून जागेचा आहे.

एक गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट. एक फूट रुंदीने मशागत करणारे छोटे यंत्र तेवढ्या जागेत ३३ फेऱ्या मारते, म्हणजे सुमारे ३३० मीटर चालते. ताशी एक किलोमीटर वेग धरला तरी वीस मिनिटांचे काम. वळणे आणि दुसरी आडवी पाळी धरून तासाभरात बाग तयार होते. खरीप, रब्बी, उन्हाळी अशी तीनदा मशागत केली तरी वर्षाला तीन तास! तेवढ्यासाठी हजारो रुपये गुंतवावेत का, हे घरात बसून ठरवावे. अर्ध्या गुंठ्याच्या आत बाग असेल तर कुदळ, फावडे आणि खुरपे पुरेसे आहे. गादीवाफे कायमचे ठेवले की दरवर्षी सगळी जमीन उलटावी लागत नाही. दोन-तीन गुंठ्यांपर्यंत भाड्याचे यंत्र परवडते. खरेदीच करायची तर आठ-दहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून करावी. उमेद अभियानातील गटांच्या पोषण परसबागा जिथे जवळजवळ आहेत, तिथे हा मार्ग सर्वांत सोयीचा.

जमीन कोणती?

शिरोळ, हातकणंगलेकडची काळी भारी जमीन वाळली की हलके टू-स्ट्रोक यंत्र तिच्यावर नुसते उड्या मारते. कारण यात चाकांच्या जागी दाते असतात आणि यंत्राला पुढे ओढण्याचे कामही तेच करतात. यावर मोठे इंजिन घेण्यापेक्षा वाफसा साधणे स्वस्त पडते. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. फुटला तर यंत्र घालावे. चपटा होऊन चिकटला तर दोन दिवस थांबावे. ओल्या काळ्या मातीत यंत्र घातले की पुढे ढेकळे फोडण्यातच हंगाम जातो.

शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड भागातील तांबड्या जमिनीत अडचण जांभ्याच्या खड्यांची असते. तिथे दगड आधी वेचावेत, आणि यंत्राची पाती सुटी बदलता येतात का ते पाहावे. सुटे भाग आणि दुरुस्ती कुठे मिळेल, हे बिल करण्यापूर्वी विचारावे.

हरळी किंवा लव्हाळा माजलेल्या जागेत मात्र कोणताही टिलर लगेच चालवू नये. फिरणारी पाती हरळीच्या मुळकांड्यांचे तुकडे करतात, लव्हाळ्याच्या गाठी सुट्या करून बागभर पसरवतात, आणि प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. आधी कुदळीने खणून वेचणी करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण यंत्राने ते टळत नाही, वाढते.

चालवणार कोण?

परसबाग बहुतेक घरांत बाईमाणूस सांभाळते आणि यंत्र मात्र पुरुष पसंत करून आणतात. जी व्यक्ती चालवणार आहे तिनेच प्रात्यक्षिक घ्यावे, शक्यतो आपल्याच बागेत. दोरी ओढून इंजिन सुरू करता येते का, पायरीवरून यंत्र उतरवता येते का, मूठ कमरेच्या उंचीला येते का, हे तपासावे. सात एचपीचे पेट्रोल यंत्र साधारण ६० ते ८० किलोंचे असते. एकटीला ते जड जाते.

मुठीवरचा क्लच सोडताच दाते थांबलेच पाहिजेत. तसे होत नसेल तर यंत्र घेऊ नये. मागे घेताना अपघात जास्त होतात, त्यामुळे भिंतीकडे पाठ करून रिव्हर्स टाकू नये. पदर खोचलेला, पायात बंद बूट, लहान मुले लांब.

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नये. आठ एचपीच्या खालच्या आणि वरच्या टिलरसाठी मर्यादा वेगवेगळ्या आहेत; वरच्या गटात रक्कम जास्त दिसते म्हणून मोठे यंत्र घेतले, तर ते गोठ्याशेजारी गंजत पडते.

काम झाल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतील ओल ओढते, आणि पावसाळाभर तसेच ठेवलेले यंत्र रब्बीला सुरूच होत नाही.