कॅव्हर्नस सायनसचे विकार

कॅव्हर्नस सायनसचे विकार म्हणजे कवटीच्या तळाशी, पोष ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कॅव्हर्नस सायनस या नीला-पोकळ्यांना होणारे रोग होत. रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, रोहिणीचे दोष, अर्बुदे आणि शोथ ही त्यांची प्रमुख कारणे आहेत. हे विकार विरळ असले, तरी त्यांपैकी काही अल्पावधीत दृष्टी किंवा जीव धोक्यात आणतात.

रचना

‘सायनस’ या शब्दाने सामान्यतः नाकालगतच्या हवेच्या पोकळ्यांचा बोध होतो. कॅव्हर्नस सायनस मात्र अशुद्ध रक्ताची पोकळी असून ती मेंदूच्या सर्वांत बाहेरील आवरणाच्या दोन थरांमध्ये असते. डोळ्यांच्या खोबणीतील आणि मेंदूच्या काही भागांतील रक्त तिच्यात येते. अंतर्गत ग्रीवा रोहिणी व सहावी मस्तिष्क तंत्रिका या पोकळीतूनच जातात, तर तिसरी व चौथी तंत्रिका आणि पाचव्या तंत्रिकेच्या पहिल्या दोन शाखा तिच्या बाहेरील भिंतीत असतात. इतक्या लहान जागेत या सर्व रचना एकत्र असल्याने लहानशा विकारानेही अनेक तंत्रिका एकाच वेळी बाधित होतात.

लक्षणे

एक वस्तू दोन दिसणे, पापणी खाली पडणे, डोळ्याची हालचाल मंदावणे, डोळा पुढे येणे, डोळ्यामागे वेदना होणे आणि कपाळ किंवा गाल बधिर होणे ही समान लक्षणे आहेत. सहावी तंत्रिका पोकळीच्या आत असल्याने पुष्कळदा डोळा बाहेरच्या बाजूस वळवणे प्रथम कठीण होते.

प्रमुख विकार

संसर्गजन्य गुठळी : नाक व वरच्या ओठाभोवतीचे गळू, नासाकोटरांचा (विशेषतः जतुकास्थीतील कोटराचा) संसर्ग किंवा दातांचा संसर्ग नीलांवाटे कॅव्हर्नस सायनसपर्यंत पोहोचून तेथे रक्त गोठते. नाकाच्या मुळापासून तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या भागाला याच कारणाने ‘धोक्याचा त्रिकोण’ म्हणतात. तेथील पुळी पिळणे टाळावे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सर्वाधिक आढळतो. ताप, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्याची सूज यांनी आजार सुरू होतो. दोन्ही बाजूंच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने एक-दोन दिवसांत दुसरा डोळाही सुजू शकतो. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी हा आजार बहुतेक वेळा प्राणघातक ठरत असे.

बुरशीजन्य संसर्ग : अनियंत्रित मधुमेह किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्यांमध्ये म्यूकरमायकोसिस नाकातून डोळ्याकडे व पुढे कॅव्हर्नस सायनसकडे पसरतो. २०२१ मध्ये कोविड-१९च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह भारतात या आजाराचे हजारो रुग्ण आढळले.

रोहिणी-नीला जोड : डोक्याच्या इजेमुळे ग्रीवा रोहिणी फाटल्यास तिचे उच्च दाबाचे रक्त थेट सायनसमध्ये शिरते. डोळा लाल होतो, पुढे येतो व नाडीच्या ठेक्याबरोबर हलतो. स्टेथोस्कोपने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकू येतो. इजेशिवाय, लहान रोहिण्यांमधून होणारी जोड अधिक सौम्य असते.

अर्बुदे : मेनिंजिओमा, पोष ग्रंथीचे अर्बुद, तंत्रिकावरणाचे अर्बुद आणि नाक-घशाच्या कर्करोगाचा प्रसार ही मुख्य उदाहरणे होत. यांची लक्षणे बहुधा सावकाश वाढतात.

टोलोसा-हंट सिंड्रोम : हा अज्ञात कारणाने होणारा शोथ असून त्यात डोळ्यामागे वेदना व डोळ्याच्या स्नायूंचा लकवा आढळतो. टोलोसा यांनी १९५४ मध्ये आणि हंट व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये त्याचे वर्णन केले.

निदान

नेत्र व मस्तिष्क तंत्रिकांच्या तपासणीनंतर कॉन्ट्रास्टसह एमआरआय ही मुख्य चाचणी केली जाते. नीलांतील प्रवाह पाहण्यासाठी एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी, तर हाडांची झीज व नासाकोटरे पाहण्यासाठी सीटी स्कॅन उपयोगी पडतो. संसर्गाची शंका असल्यास रक्ताचे कल्चर करतात. बुरशीसाठी नाकातील ऊतीचा तुकडा तपासतात. रोहिणी-नीला जोडीचे निश्चित निदान अँजिओग्राफीने होते. टोलोसा-हंट सिंड्रोमचे निदान इतर कारणे वगळल्यानंतरच करतात, कारण लिंफोमासारखे आजारही स्टेरॉइडने तात्पुरते कमी होतात.

उपचार

संसर्गजन्य गुठळीत अहवालांची वाट न पाहता शिरेवाटे अनेक जीवाणूंवर परिणामकारक प्रतिजैविके सुरू करतात व ती काही आठवडे देतात. संसर्गाचे मूळ स्थान शस्त्रक्रियेने स्वच्छ करतात. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत तज्ज्ञांत मतभेद असून रक्तस्रावाचा धोका पाहून निर्णय घेतला जातो. म्यूकरमायकोसिसमध्ये अँफोटेरिसिन बी, मृत ऊती काढणे आणि रक्तशर्करेचे नियंत्रण या तिन्हींची गरज असते. रोहिणी-नीला जोड रक्तवाहिनीतून नळी नेऊन कॉइल वा तत्सम साधनांनी बंद करतात. अर्बुदांच्या बाबतीत तंत्रिकांना इजा होण्याचा धोका असल्याने निरीक्षण, मर्यादित शस्त्रक्रिया किंवा नेमकी किरणोपचार पद्धती यांतून निवड होते. टोलोसा-हंट सिंड्रोममध्ये स्टेरॉइडने वेदना बहुधा काही दिवसांत कमी होतात. मात्र बुरशीचा संसर्ग नसल्याची खात्री आधी करावी लागते, कारण अशा संसर्गात स्टेरॉइडने आजार बळावतो.

उपचारांनंतरही काही रुग्णांमध्ये दुहेरी दिसणे, दृष्टिदोष किंवा पोष ग्रंथीच्या संप्रेरकांची कमतरता राहू शकते. तापासह डोळा सुजणे किंवा अचानक दोन प्रतिमा दिसणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे मानली जातात.