भार उचलण्याची विद्या

हिंगोलीकडे तालमींत वाढलेल्या गृहस्थाला जोर-बैठकांची ओळख करून द्यावी लागत नाहीं. परंतु जुन्या तालमींतील दगडी नालाची एक अडचण असे : त्याचें वजन नवशिक्याच्या शक्तीप्रमाणें कमी करतां येत नसे. लोखंडी दांड्याला मात्र तबकड्या लावून भार किलो-किलोनें वाढवितां येतो. या व्यायामाची खरी सोय हीच आहे.

पहिल्या कांहीं आठवड्यांत दंड फारसे भरत नाहींत, तरी बळ वाढतें. कारण मज्जातंतू अधिक स्नायुतंतूंना एकदम कामास लावूं लागतात. आरशाकडे पाहून कष्टी होऊं नये.

आणि मनाचें बळ? सन २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत, बर्मिंगहॅम येथें, १३९ किलो उचलतांना सांगलीच्या संकेत सरगर याच्या कोपराला दुखापत झाली. तरीहि तो तिसऱ्या प्रयत्नास उभा राहिला. तोहि फसला, अवघ्या एका किलोनें सुवर्णपदक हुकलें, रौप्य मिळालें. धैर्य थोर खरें; पण घरच्या व्यायामांत त्याचें अनुकरण करा, असें मी म्हणणार नाहीं. सांधा दुखूं लागला, तर दांडा खालीं ठेवावा, आणि बरें वाटल्यावर हलक्या तबकड्यांनीं पुन्हां आरंभ करावा.