लिनक्स : डागडुजी की नवी मांडणी?

चादर-टॉवेलच्या काही पेढ्यांवर परवान्याचा खर्च नको म्हणून हिशेबाला लिनक्स घेतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ साली आणलेली देशी 'बॉस' हीही डेबियन लिनक्सवरच उभी आहे. प्रश्न येतो तो जुनी आवृत्ती संपल्यावर. उबुंटू २०.०४ ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मे २०२५ मध्ये थांबली. आता आहे त्यावरच नवी चढवावी, की डिस्क पुसून नव्याने बसवावी?

चढवण्यात मोह आहे. वही, प्रिंटर सगळे जागेवर राहते. पण २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, मध्ये २२.०४ ची पायरी लागतेच. बाहेरून जोडलेले सॉफ्टवेअरचे साठे त्या वेळी बंद केले जातात; बिलाचा प्रोग्राम तिथला असेल तर तो अडू शकतो. आणि मध्येच वीज गेली तर (सोलापूरकरांना हे काय सांगावे!) काही भाग नवा, काही जुना, काही अर्धवट. अर्धा बीम विणून झाल्यावर सूत बदलावे, तसा प्रकार. निस्तरता येतो, पण जाणकाराची मजुरी पडते.

नव्याने बसवताना हा गुंता नाही. धोका एकच, पण जबर : चुकीचा विभाग पुसला की उधारीची यादी गेली. म्हणून हिशेबाची नक्कल दोन ठिकाणी ठेवावी आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. फाइल नुसती दिसते म्हणजे शाबूत आहे, असे नव्हे.

माझ्या मते दोन पायऱ्या मागे असाल तर पुसून बसवणेच स्वस्त. एकच पायरी असेल आणि बाहेरचे काही जोडलेले नसेल, तर खुशाल चढवा. यूपीएस दोन्ही वेळी हवा, आणि हे काम जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात काढू नये.