कार्ड गावात, पोट फडात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दसरा-दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातली कितीतरी घरे ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राची, नाही तर कर्नाटकाची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, असा तिथला हिशेब. मागे राहतात म्हातारी माणसे आणि पत्र्याच्या पेटीतले रेशनकार्ड.

मी शाळामास्तर. हंगामात माझ्या वर्गातली पोरे कुठे जातात हे पाहायला एकदा कारखान्याजवळच्या कोप्यांवर गेलो होतो. एका मुलाची आई विकतचे पीठ मळत होती. ‘‘रेशन का उचलत नाही?’’ मी विचारले. ती म्हणाली, ‘‘कार्ड सासूपशी हाय, गुरुजी. अन् हितं अंगठा लावला, तिकडं नाव कटलं तर?’’

ही भीती मी पुढे अनेक कोप्यांवर ऐकली. ती निराधार आहे. ऑगस्ट 2019मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात सुरू झालेली ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सोय जानेवारी 2020पासून कर्नाटकातही लागू झाली. कार्ड जवळ असलेच पाहिजे असे नाही. कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगून, यादीतल्या एकाने ई-पॉस यंत्रावर अंगठा लावला की कोणत्याही रास्त भाव दुकानात धान्य मिळते. बाकीचा वाटा गावाकडची माणसे उचलू शकतात. नाव कटत नाही.

आता हिशेब पाहू. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण 35 किलो धान्य ठरवून दिले आहे. जानेवारी 2023पासून ते मोफत आहे. प्राधान्य कुटुंबातले नवरा-बायको आणि दोन पोरे म्हणजे महिन्याला 20 किलो, सहा महिन्यांच्या हंगामात 120 किलो. ते सोडून द्यायचे आणि फडावरच्या दुकानातून उधारीने पीठ आणायचे! मग पट्टा पडला की उचलीच्या जोडीला ही उधारीही फेडायची.

त्यात जुलै 2025मध्ये केंद्राने नवा नियम आणला. सलग सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते बंद होते, मग तीन महिन्यांत पडताळणी आणि ई-केवायसी. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच! मागे कोणीच न राहिलेल्या घराचे कार्ड अशाने बंद पडू शकते. कष्टाला गेलेल्या माणसाला यंत्राने ‘गरज नसलेला’ ठरवावे, यासारखा अन्याय नाही.

अडचणी खऱ्या आहेत. फडापासून दुकान लांब असते, पहाटे निघालेले माणूस रात्री गाडी भरूनच परततो. परक्या गावचा दुकानदार ‘माल आमच्यापुरताच आलाय’ म्हणतो. कोयत्याने झिजलेला अंगठा यंत्राला पटत नाही. नव्या सुनेचे नाव माहेरच्याच कार्डावर असते आणि बाळाचे कुठेच नसते. नाव घालायला जावे तर इष्टांक भरलेला, कारण तो अजून 2011च्या जनगणनेवर बेतलेला आहे. हे प्रश्न सरकारनेच सोडवायचे आहेत. कोप्यांच्या वस्तीवरच धान्य वाटले, तर निम्मे मिटतील.

तोवर आपल्या हातात काय? निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी करून घ्या. दुकानदाराने नकार दिला, तर 14445 किंवा 1967 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

मी एक साधी गोष्ट करतो. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलाकडून वहीच्या शेवटच्या पानावर घरच्या कार्डाचा बारा अंकी क्रमांक लिहून घेतो. कार्ड पेटीत राहते, पण वही पोराबरोबर फडावर जाते.