गार चहा बिघडतो तो आधी पाण्यात

मलकापूरहून बुलढाण्याला यायचं तर मोताळ्यानंतर राजूर घाट चढावा लागतो. घाट चढला की हवा बदलते, हे कुणीही सांगेल. हवेबरोबर पाणीही बदलतं, आणि ते चहाच्या कपात लगेच कळतं. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरच्या बुलढाणा शहराला येळगाव धरणाचं गोडं पाणी मिळतं. घाटाखाली शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे गेलं की पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा लागतो. गाळाची जाड चिकणमाती, निचरा कमी, क्षार जमिनीतच अडकलेले. त्यामुळे तिथल्या कित्येक विहिरींचं आणि बोअरचं पाणी मचूळ, काही ठिकाणी तर सरळ खारट.

रोजच्या चहात हा फरक बराचसा लपतो. दूध, साखर, आलं आणि खळखळून आलेली उकळी यांच्या पांघरुणाखाली पाण्याचे दोष निभावून जातात. गार चहाला असं पांघरूण नसतं. तो कोरा असतो, काचेच्या ग्लासात असतो आणि हळूहळू प्यायचा असतो. म्हणून उन्हाळ्यात घरी करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: गढूळ झाला, कडू झाला, काळा पडला. दोष जातो चहापत्तीला. माझ्या मते निम्म्याहून अधिक दोष पाण्याचा असतो आणि उरलेला घाईचा.

त्याआधी वऱ्हाडातला नेहमीचा आक्षेप. ‘थंडा चहा पाहुण्याले कोनी देते का?’ बरोबर आहे. निवलेला चहा आपल्याकडे अपमानात जमा होतो. शिवाय मे महिन्यात पारा चव्वेचाळिसावर असताना खामगावच्या टपरीवर वाफाळता कट मारणारा माणूस शास्त्राच्या दृष्टीनेही अगदीच चुकत नाही. ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की हवा कोरडी असेल आणि घाम अंगावरच सुकत असेल, तर गरम पेयाने येणारा जादा घाम शरीरातली उष्णता थोडी कमीच करतो. आपल्या मे महिन्याइतकी कोरडी हवा आणखी कुठे शोधायची? तेव्हा गार चहा गरम चहाची जागा घ्यायला आलेला नाही. तो दुपारचा, सरबताच्या शेजारी बसणारा प्रकार आहे.

तो बाहेरून आला असला तरी भारताशी त्याचं नातं जुनं आहे. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस इथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे भारतीय चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेकिंडन नावाचे गृहस्थ गेले होते. उकाड्यात गरम चहाकडे कुणी फिरकेना, तेव्हा त्यांनी बर्फ घालून चहा वाटला आणि गर्दी खेचली, असं सांगतात. गार चहाचा शोध त्यांच्या नावावर खपवला जातो, ते मात्र खरं नाही. त्याची कृती १८७० च्या दशकातल्या व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या पुस्तकात छापलेली आहे, आणि तीही हिरव्या चहाची. ब्लेकिंडन यांचं श्रेय एवढंच, की भारतातला काळा चहा त्यांनी अमेरिकेच्या उन्हाळ्यात बसवला.

आता गढूळपणाकडे येऊ. गरम असताना आरशासारखा स्वच्छ दिसणारा चहा फ्रिजमधून काढल्यावर पिठूळ दिसतो. गाळणी फाटलेली नसते. चहातलं कॅफिन आणि त्याला लाल रंग देणारे थिआफ्लेविन, थिआरुबिजिन हे घटक गरम पाण्यात सुटे असतात. पाणी गार झालं की ते एकमेकांना चिकटतात आणि बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतात. चहा जितका कडक, तितका हा प्रकार जास्त. पाण्यात कॅल्शियम असेल, म्हणजे पाणी जड असेल, तर आणखी जास्त. असा चहा बिघडलेला नसतो. थोडं उकळतं पाणी ओतलं की तो पुन्हा नितळ होतो, अर्थात तेवढा पातळही.

जड पाण्याच्या चहावर तपकिरी साय धरते, ती मात्र वेगळी. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये मायकेल स्पायरो या रसायनशास्त्रज्ञाने ती तपासली. ‘नेचर’मध्ये १९९३ साली त्यावर टिपण आलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हवेच्या साक्षीने चहातल्या घटकांवर क्रिया करतात आणि तवंग धरतो. मऊ पाण्यात तो धरत नाही आणि लिंबू पिळलं तरी धरत नाही.

काळ्या रंगाचं उत्तर समजून घ्यायला बुलढाणा जिल्ह्यासारखी जागा नाही, कारण लोणार सरोवर इथेच आहे. त्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. एके काळी तिथून सोडाखार काढला जाई. चहात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा. लालसर रंग काही क्षणांत काळसर होतो. आता त्यात लिंबू पिळा, रंग उजळून सोनेरी होईल. थिआरुबिजिनचा रंगच आम्ल आणि अल्कली यांच्यानुसार फिरतो. बायकार्बोनेट जास्त असलेलं बोअरचं पाणी हेच काम गुपचूप करत असतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत चहाचा कडवटपणा मारायला मुद्दाम चिमूटभर सोडा घालतात. आपल्याकडे त्याची गरज नाही.

मग पाणी कुठलं घ्यायचं? घाटावर नळाचं पाणी गाळून, उकळून गार केलं की काम भागतं. घाटाखाली ज्यांच्याकडे वान धरणावरच्या १४० गाव योजनेचं पाणी येतं, त्यांनी ते वापरावं. बोअरशिवाय दुसरं काहीच नसेल तर आरओचा जार. पाणी उकळलं की भांड्याच्या तळाला पांढरी पुटं धरतात, म्हणजे क्षार निघाले, असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. उकळून, निववून, वरचं पाणी अलगद ओतून घेतलं तर कॅल्शियमचा काही भाग तळाशी राहतो. खारटपणा आणणारं सोडियम मात्र कितीही उकळलं तरी जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंत असावेत, असं भारतीय मानक सांगतं. चहाला त्याच्याही बरंच खाली, शे-दीडशेच्या आसपासचं पाणी मानवतं. अगदी क्षारहीन पाण्याचा चहा सपक लागतो.

अमेरिकेतल्या मिशेल फ्रँकल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने २०२४ मध्ये चहात चिमटीभर मीठ घालायचा सल्ला दिला, कारण सोडियममुळे कडूपणा जिभेला कमी जाणवतो. त्यावर इंग्लंडात एवढी ओरड झाली की लंडनमधल्या अमेरिकी दूतावासाला खुलासा करावा लागला. खारपाणपट्ट्यात हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि तो कुणी हौसेने करत नाही. तिथलं पाणी हा चहाच्या चवीच्या कितीतरी आधी आरोग्याचा प्रश्न आहे, हे विसरून पुढे जाता येणार नाही.

पत्तीचं थोडक्यात. आपल्या डब्यातली दाणेदार पत्ती ही सीटीसी. १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चरने पानं चिरडून, फाडून, वळवणारं यंत्र आणलं आणि दोन मिनिटांत कडक रंग देणारा हा दाणा तयार झाला. दुधाच्या चहाला तो उत्तम. गार चहाला तो फार उतावळा. शक्य असेल तर अख्ख्या पानाचा ऑर्थोडॉक्स चहा आणावा, त्यातही निलगिरीचा. निलगिरीचा चहा गार झाल्यावर फारसा गढुळत नाही, म्हणून गार चहा करणारे जगभर तो मागतात. दार्जिलिंगचा चहाही छान, पण त्यावर लिंबू आणि साखर ओतणं मला उधळपट्टी वाटते.

करायच्या दोन रीती आहेत. घाई असेल तर गरम रीत. अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करा, दहा ग्रॅम पानाची पत्ती घालून झाका आणि चार मिनिटांनी गाळा. सीटीसी असेल तर सात ग्रॅम आणि दोन मिनिटं पुरे. पत्ती घालून उकळायचं नाही, आणि गाळताना चोथा चमच्याने दाबायचा नाही. कडूपणा तिथूनच उतरतो. हा अर्क दुप्पट कडक असतो, कारण पुढे बर्फ विरघळणार आहे. किती? एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. हिशेब केला तर ८० अंशांवरचा अर्धा लिटर चहा १० अंशांवर आणायला जवळजवळ ४०० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. तोच चहा आधी घरातल्या हवेत ३८ अंशांपर्यंत निवू दिला तर दीडशे ग्रॅममध्ये भागतं. फ्रिजमधला एकच ट्रे भरलेला असेल तर निवू द्या आणि उरलेली भर गार पाण्याने घाला.

घाई नसेल तर दुसरी रीत, आणि माझं मत हिच्याच बाजूने आहे. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी काचेच्या बरणीत घ्या, त्यात आठ-दहा ग्रॅम पानाचा चहा टाका, झाकण लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गाळा. गार पाणी सुगंध आणि गोडसरपणा काढून घेतं, पण कॅफिन आणि तुरट घटक कमी ओढतं. म्हणून हा चहा कडू होत नाही आणि सहसा गढुळतही नाही. यात सीटीसी वापरायची तर निम्मीच, आणि तीन-चार तासांत गाळायची.

बरणी उन्हात ठेवण्याची कल्पना मात्र डोक्यातून काढून टाका. आपल्याकडचं ऊन बघता ती सुचणं साहजिक आहे, अमेरिकेत लोक करतातही. पण उन्हातलं पाणी जंतू मरण्याइतकं तापत नाही, ते जंतू वाढण्याइतकंच कोमट होतं. माठाचाही उपयोग नाही. माठ चहाचा वास धरतो आणि पुढे महिनाभर पाण्याला तो येत राहतो.

बर्फ घरचाच, आणि चहाला वापरलेल्या पाण्याचाच. बाजारातून लादीचा तुकडा आणणार असाल तर रंग बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलेलं आहे. निळसर बर्फ मासे आणि माल गार ठेवायला, ग्लासात नव्हे.

गार चहात साखर विरघळत नाही, तळाशी बसते. सम प्रमाणात साखर-पाणी गरम करून साधा पाक करून ठेवावा. दुकानातली ‘आइस टी’ची पूड घेण्याआधी पाकिटावरची घटकांची यादी वाचा, पहिलं नाव बहुधा साखरेचंच असतं. लिंबू कागदी घ्यावं. शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं वाडेगाव लिंबांसाठी नावाजलेलं आहे, तेव्हा बाटलीतल्या रसाची वेळ आपल्यावर येऊ नये. लिंबू ग्लासात पिळावं, बरणीत नाही.

बाकी स्वादासाठी परसाकडे वळा. गवती चहाची पात, पुदिना, ठेचलेलं आलं यांतलं एकच काहीतरी, रात्री पत्तीबरोबरच बरणीत. लाल अंबाडीची बोंडं मिळाली तर चहापत्तीही नको. मूठभर बोंडं गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवली की माणकासारखा लाल, आंबट अर्क मिळतो, त्याला गुळाची जोड उत्तम लागते आणि कॅफिन नसल्यामुळे मुलांनाही देता येतो.

जेवणाबरोबर गार चहा घेऊ नका, अन्नातलं लोह शोषायला तो आडवा येतो. तासाभराचं अंतर ठेवा. बरणी सतत फ्रिजमध्ये असावी. वीज बराच वेळ गेली तर चहा वाचवत बसू नका, आणि एरवीही चोवीस तासांनंतर उरेल तो कुंडीत ओता. फक्त त्यात साखर घातलेली नसावी, नाहीतर मुंग्यांची सोय होईल.